एक सतरा अंकी संख्या

आमच्या भिवंडींत आंकडा सहसा एकटा येत नाहीं. तो सुताच्या वजनाचा असतो, कापडाच्या मापाचा असतो, नाहीं तर येण्या-देण्याचा असतो. नुसत्या आंकड्याची विचारपूस करण्यास येथें कोणास सवड नाहीं. तथापि खाडीपलीकडील आमच्या शेजारच्या डोंबिवलीवरून एका संख्याकुळाचें नांव पडलें आहे, ही गोष्ट वाचकांस सांगण्याजोगी वाटते.

डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. ज्या संख्यांचा विचार त्यांस डोंबिवलीच्या स्थानकावर सुचला, त्यांना त्यांनीं स्थानकाच्या जुन्या नांवावरून 'डेम्लो' म्हटलें. त्यांतलीच ही एक: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एकांच्या ओळीचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग होय.

यांत जादू मुळींच नाहीं. पाटीवर गुणाकार मांडून पाहावा. एकांच्या नऊ ओळी येतात, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पहिल्या घराची बेरीज एक, दुसऱ्याची दोन, मधल्याची नऊ, आणि पुढें उतार. कोठेंही हातचा येत नाहीं, म्हणून आकृति टिकते. दहा एक घेतले कीं मधल्या घरांत दहा होतात, हातचा येतो, आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा मोडका निघतो.

इंग्रज गणिती हार्डी यांनीं १९४० सालच्या आपल्या पुस्तकांत अंकांच्या असल्या गमतींना खऱ्या गणितांत स्थान नाकारलें आहे. आक्षेप अगदींच खोटा नव्हे. हा चढउतार आपल्या दशमान लेखनाचा आहे, संख्येचा नव्हे. परंतु त्याच संख्येचे अवयव पाडले तर ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतात. ती कशीही लिहा, हे अवयव बदलणार नाहींत. शिवाय तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे तोच ३ चा चतुर्थ घात. तेव्हां तिला ८१ नें निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेनें भागली जाणारी संख्या ती 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. हें नांवही कापरेकरांचेंच.

"याचा उपयोग काय?" असें विद्यार्थी दरसाल विचारतात. यंत्रमागाच्या खडखडाटांत वाढलेल्या मुलानें तसें विचारणें आम्हांस गैर वाटत नाहीं. पैशाचा उपयोग नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. मात्र सतरा अंकांची रांग पाहून बिचकणारा मुलगा हातचा कां आला नाहीं हें स्वतः शोधून काढतो, तेव्हां मोठ्या आंकड्याचा दरारा त्याच्यापुरता संपतो. पुढें जन्मभर मोठमोठे आंकडे दाखवून त्याला दिपवूं पाहणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यापुढें तो मान खालीं घालणार नाहीं. शाळेच्या पगारावर जन्म काढलेल्या एका मास्तरानें मागें ठेवलेली ही शिदोरी आम्हांस थोडी वाटत नाहीं.