स्वारीच्या मुलखात वाचलेली कादंबरी

ऐतिहासिक कादंबरी कोठे बसून वाचली यावर तिचा रंग पुष्कळसा अवलंबून असतो, असे आमचे मत बंगळूरला बदली झाल्यापासून बनत चालले आहे. रणजित देसाई यांची १९६२ सालची 'स्वामी' आम्ही कॉलेजात असताना दोनदा वाचली. थेऊरच्या प्रकरणाशी डोळेही पुसले. त्या वयात कर्नाटक म्हणजे पेशव्यांनी दसऱ्यानंतर जावयाचे आणि खंडणी घेऊन परतावयाचे एक ठिकाण, एवढीच आमची समजूत.

आता त्याच ठिकाणी आमचे बिऱ्हाड आहे. तुमकूर रस्त्याला डाबसपेठजवळ निजगलचा डोंगर लागतो. १७७० साली माधवरावांच्या फौजेने हैदराच्या या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला काही केल्या हाती येईना. अखेर चित्रदुर्गाच्या नायकाच्या लोकांनी तो घेऊन दिला. पुण्याची बस आजही या डोंगराखालूनच जाते. ही हकीकत आम्ही कचेरीतील एका कन्नड सहकाऱ्यांस मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि शांतपणे विचारले, "बरोबर आहे, साहेब. आणि शृंगेरी?"

१७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाला मदत पाठविली ती टिपूने. त्याची पत्रे १९१६ साली उजेडात आली. आमच्या वाचनात आलेल्या एकाही मराठी कादंबरीत हा प्रसंग नाही. कादंबरीकाराने पश्चात्तापाचे ठराव करावेत, असे आमचे म्हणणे नव्हे. परंतु घोडदळ ज्या गावातून जाते त्या गावात माणसे राहतात, हे त्याने विसरू नये. आमच्याकडे शत्रूला तलवार मिळते, क्वचित दिलदारपणाही मिळतो. घर मात्र मिळत नाही.

मास्ती वेंकटेश अय्यंगारांची 'चिक्कवीर राजेंद्र' आम्ही शब्दकोश उशाशी ठेवून, अडखळत वाचली. १८३४ साली पदच्युत झालेला कोडगूचा हा शेवटचा राजा. मास्तींनी त्याला मुळीच सजविलेला नाही. तो व्यसनी आहे, क्रूर आहे, आणि तरीही राज्य जाताना वाचकाला हळहळ वाटते. गादीवरचा नायक इतका हीन दाखविण्याची छाती आमच्याकडे किती जणांना होईल? आमच्या नायकांना तर साधी सर्दीही होत नाही. झालाच तर राजयक्ष्मा. (माधवरावांचा खरा होता, ही गोष्ट वेगळी.)

आणि विषयांचा दुष्काळ कोठे आहे? १६३८ साली रणदुल्लाखानाने बंगळूर केंपेगौडांकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू'त वर्णिलेला नाना भाषांतील कवींचा दरबार तो हाच. हा ग्रंथ राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. पुढे १६८७ साली मोगलांनी हेच शहर तीन लाखांस म्हैसूरकरांना दिले. परमुलखात चाकरी करणारा, घर एकीकडे आणि हुकूम दुसरीकडे असलेला मराठी माणूस कसा जगतो, हे आम्हां बदलीवाल्यांस निराळे सांगावयास नको. शहाजीराजे परतले नाहीत. १६६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून होदिगेरे येथे ते वारले. समाधीही तेथेच आहे. त्यांच्या बंगळुरातील वर्षांवर कोणी लिहावयास बसणार असेल, तर त्याला होदिगेरे दाखविण्यासाठी आम्ही रविवारला जोडून एक नैमित्तिक रजा खर्ची घालू.