उभ्यानं खेळणाऱ्या

भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा, गायला सुरुवात केली, तेव्हा बायकांसाठी रीत ठरलेली होती. बाईनं महाभारत सांगायचं तर बसून सांगायचं. ही वेदमती शैली. उभं राहून, मंचभर फिरत, भीमाच्या आवाजात आरोळी ठोकत कथा रंगवायची ती कापालिक शैली, आणि ती पुरुषांची. तीजनबाई उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा झाला, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. पुढे भिलाई पोलाद कारखान्यानं त्यांना नोकरी दिली, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

दोन्ही शैलींत कथा तीच आणि द्रौपदीही तीच. फरक आहे तो सांगणारीच्या अंगाला काय काय करायची मुभा आहे, याचा. व्हिडिओ गेममधल्या बाईकडे बघतानाही हेच बघावं लागतं. ती पडद्यावर आहे की नाही, हा झाला अर्धा प्रश्न. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की ती काय करते, हा उरलेला अर्धा.

नव्वदच्या दशकात भिलाईच्या सेक्टरांपासून नागपूर-पुण्याच्या चाळींपर्यंत ज्या मुलांनी टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडला, त्यांना या प्रश्नाचं उत्तर आपसूक मिळत होतं. ‘काँट्रा’मध्ये बंदूक घेऊन धावणारे दोन दणकट पुरुष. ‘मारिओ’मध्ये राजकन्या आठव्या जगाच्या टोकाला सुटकेची वाट बघत थांबलेली. तिच्यासाठी एकही बटण नव्हतं. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये तीच राजकन्या खेळायला मिळाली आणि उडी मारल्यावर हवेत क्षणभर तरंगू लागली. अवघड खड्डे ओलांडायला पोरं बिनदिक्कत तिलाच निवडत.

त्याआधी, १९८६ साली, निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड’नं एक गंमत केली होती. चिलखतातला योद्धा पुरुषच आहे, असं समजून लोक खेळत. गेम झटपट संपवला तर शेवटी चिलखत उतरे आणि कळे, ही सॅमस अॅरन, बाई आहे. धक्का खरोखरच मोठा होता. पण जितक्या कमी वेळात गेम पुरा, तितके तिच्या अंगावर कपडे कमी, हाही हिशेब त्यात होता. पूर्ण गेमभर लढलेली बाई शेवटच्या दृश्यात बक्षीस होऊन बसली.

लारा क्रॉफ्टचंही तसंच. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीनं १९९६ मध्ये ‘टूम्ब रेडर’ आणला. गेममधली लारा कडे चढते, पाण्याखाली पोहते, कोडी सोडवते, लांडग्यांवर गोळ्या झाडते. जाहिरातींतली लारा मात्र नुसती पोझ देऊन उभी. एकाच बाईचे हे दोन अवतार वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदले. २०१३ मध्ये रियाना प्रॅचेट या लेखिकेनं तिची कथा नव्यानं लिहिली, तेव्हा कुठे घाबरणारी, जखमा बांधून पुन्हा उठणारी तरुणी खेळणाऱ्याच्या हाती आली.

बाईची पात्रं इतकी कमी का, याची कारणंही ऐकण्यासारखी असतात. २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त चार जणांनी मिळून खेळायची सोय होती आणि चारही पुरुष. स्त्रीपात्र केलं तर हालचालींचं अॅनिमेशन आणि आवाज, सगळं काम दुप्पट होतं, असं युबिसॉफ्टकडून सांगण्यात आलं. याच कंपनीत पूर्वी अॅनिमेटर असलेल्या जोनाथन कूपरनं लगेच सांगितलं, की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. चार वर्षांनी याच मालिकेच्या ‘ओडिसी’त कसांड्रा ही नायिका आली.

दुसरं कारण बाजाराचं. मुलगे बाईचं पात्र घेऊन खेळणार नाहीत, असं गृहीत धरलेलं. ऑनलाइन गेमांचा अभ्यास करणाऱ्या निक यी यांना उलटंच आढळलं. बायका पुरुषाचं रूप घेतात त्याहून कितीतरी अधिक वेळा पुरुष बाईचं रूप घेऊन खेळतात. ‘दिसायला छान म्हणून’ हे त्यावरचं ठरावीक उत्तर, आणि काही अंशी खरंही. पण स्त्रीवेशातल्या बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू डोक्यावर घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाला एवढ्यानं समाधान वाटू नये. दुसऱ्या देहाची चाल आपल्या अंगात येते का, हे करून बघण्याची ओढ त्याला चांगली ठाऊक आहे.

म्हणूनच पुण्यात तयार झालेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ वेगळा वाटतो. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं तो केला. कलादिग्दर्शक श्रुती घोष या स्टुडिओच्या सहसंस्थापकही आहेत. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरती करणारी पोरगी. असुरांनी पळवलेल्या गोलूला, म्हणजे धाकट्या भावाला, सोडवायला ती निघते. राखी बांधून रक्षणाचं वचन घेणारी बहीण इथे दुर्गेचा त्रिशूळ घेऊन स्वतःच निघाली आहे. खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणं, भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी मारणं, ही तिची अस्त्रं तिच्या पोटापाण्याच्या धंद्यातूनच आलेली. शरीर आणि कथा यांचा असा मेळ मोठ्या बजेटच्या गेमांतही क्वचित दिसतो.

राजीसारख्या आणखीही काही जणी आहेत. २०१७ च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’त भारतीय बापाची मुलगी क्लोई फ्रेझर पश्चिम घाटात गणेशाचा सुळा शोधते. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या ‘मिसिंग’मध्ये खेळणारा मानवी तस्करीत सापडलेली मुलगी होतो, तिथे निवडी थोड्या आणि प्रत्येक निवड महागात पडणारी. ‘वेनबा’ ही कॅनडात गेलेली तमिळ आई. तिची बहुतेक बटणं स्वयंपाकाची, इडलीपात्रातल्या ताटल्यांचा क्रम लावण्याची. तरी २०२४ चा पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार तिच्या गेमनं मिळवला. त्रिशूळ काय, इडलीपात्र काय, खेळणाऱ्याच्या हातांना तिच्यासारखं वागावं लागतं.

मोबाइलवरच्या बऱ्याच ऑनलाइन गेमांत आता पात्र स्त्री की पुरुष, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आवाजाचं मात्र तसं नाही. माइकवर मुलीचा आवाज आला, की शिव्या आणि लाळघोटेपणा सुरू होतो, म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून, पुरुषी किंवा निरर्थक टोपणनाव घेऊन खेळतात. त्याच संघातल्या एखाद्या मुलानं तोवर लांब वेणीची नेमबाज बाई निवडलेली असते, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही.