हाताला काम

अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या घरी गेले, की मी लगेच हात उचलून बघत नाही. आधी विचारते, या आठवड्यात या हातानं काय काय केलंत? दिव्याचं बटण दाबलंत? दार उघडलंत? तोंड पुसलंत? ‘मोटर ॲक्टिव्हिटी लॉग’ नावाच्या प्रश्नावलीत अशी रोजची 30 कामं आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. ती अमेरिकेत तयार झालेली, त्यामुळे तिच्यात फ्रिज उघडणं, गाडीतून उतरणं आहे. मी जोडीला भाकरी मोडणं, तांब्या धरणं, पदर सावरणं विचारते. हे गुण संशोधनात धरता येणार नाहीत, पण बोलणं सुरू होतं.

सातारा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून घरोघरी फिरताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हात काय करू शकतो आणि प्रत्यक्षात काय करतो, यातली दरी. वाईजवळच्या एका गावातल्या काकूंचा उजवा हात गेला होता. पक्षाघाताच्या झटक्याला काही महिने झालेले. मनगट थोडं वर येत होतं, अंगठा आणि दोन बोटं जरा उघडत होती. सांगितलं की माझा लाकडी ठोकळा उचलून बाजूला ठेवायच्या. घरात मात्र तो हात दिवसभर मांडीवर. प्रश्नावलीत ओळीनं शून्यं.

याचं कारण एडवर्ड टॉब या अमेरिकी संशोधकानं शोधलं. त्यांनी माकडाच्या एका हातातून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. हात हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकड तो हात वापरणं सोडून देई. चांगला हात बांधून ठेवला, की तोच टाकून दिलेला हात कामाला लागे. टॉब यांचं म्हणणं असं, की सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही, प्रत्येक प्रयत्न फसतो आणि प्रयत्न न करण्याची सवय जडते. पुढे ताकद थोडी परतली, तरी सवय सुटत नाही.

1981 मध्ये सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांचे हाल उघडकीला आले, पोलिसांनी माकडं ताब्यात घेतली, खटला चालला. दोषी ठरवणारा निकाल पुढे टिकला नाही. पण त्या माकडांचे फोटो मी पाहिले आहेत. रोज वापरते तो उपचार त्या पिंजऱ्यांतून आला आहे, हे मला सोयीसाठी विसरायचं नाही.

माणसांवर चांगला हात अडवून ठेवण्याच्या या उपचाराची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. ‘एक्साइट’ नावाच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले 222 रुग्ण त्यात होते. उपचार घेणाऱ्यांच्या चांगल्या हातावर जाड मोजा, तोही जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि सोबत दिवसाचे कित्येक तास कमजोर हाताचा सराव. वर्षभरानंतरही त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त वापरात होता. मात्र मनगट आणि बोटं निदान 10 अंश तरी उघडतात, अशांनाच त्यात घेतलं होतं. ज्यांचा हात मुळीच हलत नाही, त्यांच्या चांगल्या हाताला मोजा चढवणं म्हणजे छळ.

तासन्‌तास फिजिओथेरपिस्टनं समोर बसणं आमच्याकडे शक्य नाही. काकूंच्या सुनेनं जुन्या दुलईच्या कापडाचा मोजा शिवला. बसूनच घालायचा, चालताना नाही आणि चुलीजवळ तर नाहीच, अशी ताकीद दिली. मग परातीत वाघ्या घेवडा पसरला. एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा.

पहिल्या दिवशी दाणा हातात येईना. काकूंचा खांदा कानापर्यंत चढायचा, श्वास अडकायचा, अंगठा दाण्यावरून घसरायचा आणि दाणा परातीच्या कडेला जाऊन थांबायचा. मी कोपराखाली उशी दिली, दाणे जवळ ओढले, खांदा सैल सोडायला सांगितलं. दाणा उचलला गेला, वाटीच्या काठावर आपटला आणि आत पडला. काकू म्हणाल्या, “पडला बघ!” तेवढ्यात सून पुढे झालीच, “राहू द्या आत्या, मी करती.”

ही माया खरी असते. सासूची धडपड डोळ्यांनी बघवत नाही, म्हणून घास भरवला जातो, केस विंचरले जातात आणि हात रिकामा बसतो. सुनेला मी लांब बसायला सांगितलं नाही. तिच्या हातात मोबाईल दिला, दोन मिनिटांत किती दाणे पडतात ते मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावलं. मग तीच हट्टाला पेटली. दाणे सहज पडायला लागले, की वाटी लांब सरकवायची, पुढे परातीऐवजी खोलगट डब्यातून उचलायचे, हे तिनं बरोबर सांभाळलं. काकू आता भाकरी उजव्या हातानं मोडतात, लाईट लावतात. सुईत दोरा ओवणं जमत नाही आणि ते जमेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

मग घरच्यांनाच शिकवून मोकळं व्हावं का? भारतातच हे तपासलं गेलं. ‘अटेंड’ या अभ्यासात 14 रुग्णालयांतले 1250 रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवले, घरी जाऊन मार्गदर्शनही केलं. 2017 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे सारखेच, 47 टक्के. मला या आकड्याचं वाईट वाटलं, तरी तो मी प्रत्येक बैठकीत सांगते. घरातल्या बाईच्या गळ्यात उपचार बांधून व्यवस्थेला हात झटकता येत नाहीत, असाच अर्थ मी त्यातून काढते. काकूंची सून पहाटे धारा काढते, शेतावर जाते, रात्री भांडी घासते. तिच्या जोडीला शिकलेलं माणूस नियमित यायला हवं.

काकूंच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी होती आणि शेवटी इंग्रजीत ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द. कुठे, कोणाकडे, किती दिवस, काही नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टचं पद भरलेलं असावं आणि त्या कार्डावर हाताला रोज कोणती कामं द्यायची ते मराठीत लिहिलेलं असावं, ही माझी मागणी आहे. ती मी लेखी दिली आहे आणि देत राहणार आहे.