पेण ते रोहा : कपाटात नव्याने ठेवावेत असे ग्रंथ

पेणचे नाव निघाले की गणेशमूर्ती आठवतात. भोगावतीच्या काठच्या या गावातील कारखान्यांतून मूर्ती देशोदेशी जातात. मात्र ग्रंथप्रेमी यात्रेकरूला हा तालुका आणखी एका कारणासाठी वंदनीय वाटावा. येथील गागोदे या लहानशा खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. आईला संस्कृत गीता समजत नसे, म्हणून तिच्या इच्छेला स्मरून त्यांनी १९३०–३१ मध्ये ‘गीताई’ रचली. कठीण ते सुलभ करून घरोघरी पोहोचवावे, ही त्यांची वृत्ती पुढे जैन समाजालाही उपकारक ठरली.

श्वेतांबर परंपरेने जपलेली आगमे दिगंबर परंपरा प्रमाण मानत नाही. त्यामुळे सर्वांना मान्य असा एक आगमसंग्रह जैनांच्या हाती नव्हता. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने विनोबांनी तो सिद्ध व्हावा असा आग्रह धरला. जिनेंद्र वर्णी यांनी संकलनाचे कष्ट घेतले. २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्लीत चारही संप्रदायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि ७५६ प्राकृत गाथांचा, चार खंडांचा ‘समणसुत्तं’ सर्वसंमत झाला. पुढील वर्षी तो छापून आला. जन्माने जैन नसलेल्या एका कोकणी सुपुत्राची ही तळमळ होती, हे विशेष. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीत, अन्नत्याग करून विनोबांनी पवनार येथे देह ठेवला.

पेणहून नागोठणेमार्गे पुढे गेले की कुंडलिकेच्या काठी रोहा लागते. कोकण रेल्वेचा मार्ग येथूनच दक्षिणेस निघतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण येथे गेले. आकड्यांच्या व्यवहारात बुडालेल्या या विद्वानाने कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले. व्यापारउदिमात गढलेल्या गृहस्थांनी हे लक्षात ठेवावे. वाचनाला सवड मिळत नसते, ती काढावी लागते. याच रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या कार्याची ओळखच ‘स्वाध्याय’ या शब्दाने झाली.

हा शब्द जैनांना परका नाही. सहा अंतरंग तपांत स्वाध्यायाची गणना आहे आणि तत्त्वार्थसूत्राने त्याची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचावे, शंका विचारावी, मनन करावे, पाठ घोकावा आणि इतरांस सांगावे. ग्रंथ विकत घेऊन कपाटात ठेवणे यांपैकी एकाही अंगात बसत नाही.

श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला घरोघरी ग्रंथांची पूजा होते. त्या दिवशी नवा ग्रंथ आणावा, हे उत्तमच. पण ‘समणसुत्तं’ आणणाऱ्या घराने रोज एक गाथा अर्थासह वाचली, तर दोन वर्षे आणि सव्वीस दिवसांत ७५६ गाथा पूर्ण होतील. त्या वाचनाला शेजारच्या दुसऱ्या आम्नायाचे कुटुंबही बोलावले, तर दिल्लीत त्या दोन दिवसांत जे साधले, ते आपल्या ओसरीवरही साधेल. गागोद्याच्या त्या सुपुत्राला याहून वेगळे स्मारक नको असेल.