मंद आचेचा हिशेब

स्लो कुकरमधल्या कोंबडीला चव नसते, ही तक्रार अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बायकांकडून मी सतत ऐकते. मांस शिजताना त्यात नेमकं काय घडतं, हा माझ्या अभ्यासाचा आणि पोटापाण्याचा विषय. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात माझ्याभोवती साड्या-दागिन्यांपेक्षा रश्श्याच्याच गप्पा जास्त होतात. "ताई, सकाळी सगळं भांड्यात टाकून ऑफिसला गेले. संध्याकाळी झाकण काढलं, तर वर पिवळं पाणी आणि खाली मांसाचा चोथा. मुलांनी शेवटी सिरियल खाल्लं." या तक्रारीत चूक यंत्राचीही नसते आणि बाईचीही नसते. 'सगळं टाका आणि विसरा' असं जे आश्वासन खोक्यावर छापलेलं असतं, ते अर्धंच खरं असतं. मऊ शिजवणं हे या भांड्याचं काम. खमंग करणं त्याच्या कुवतीबाहेरचं आहे, ते आपल्यालाच करावं लागतं. कामाची ही वाटणी ध्यानात आली, की हे भांडं मराठी जेवणाला छान लागू पडतं.

भांड्याचा जन्म मुळी कोंबडीसाठी झालेला नाही. आयर्विंग नॅक्सन हा शिकागोचा संशोधक. त्याची आई लिथुआनियातल्या विल्नाची, म्हणजे आजच्या विल्नियसची. शब्बाथच्या दिवशी ज्यू घरांत चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत कडधान्य, बटाटे आणि मांसाचं 'चोलंत' भरलेलं भांडं बेकरीवाल्याच्या भट्टीत ठेवायचं. भट्टी विझत विझत थंड व्हायची, तिच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण मिळायचं. आईकडून ही हकिगत ऐकून नॅक्सनने विजेवर चालणारं, भोवताली उष्णतेची तार गुंडाळलेलं भांडं तयार केलं. १९३६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. त्याच्या भांड्याचं नाव 'बीनरी'. नावातच बीन्स, म्हणजे घेवडा-राजमा शिजवायचं साधन. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सनचा कारखाना विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं थोडं नटवून 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागत होत्या, पुढे तेलटंचाईने वीजही महागली. भांडं हातोहात खपलं. १९७४ पासून आतलं मातीचं भांडं बाहेर काढून घासता येऊ लागलं, तेव्हा तर ते लग्नाच्या आहेरातच जाऊन बसलं.

म्हणजे मूळ योजना होती कडधान्य आणि जून, चिवट मांसासाठी. तिथे आठ-दहा तास लागतातच. अमेरिकन पाककृतींनी तोच आठ तासांचा आकडा उचलून कोंबडीला चिकटवला आणि घोळ झाला.

कोंबडी कुठली, हा पहिला प्रश्न. दुकानात मिळणारी ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांची असते. इतक्या कोवळ्या वयात तिच्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन घट्ट झालेलं नसतं. छातीच्या मांसात तर ते नावापुरतंच असतं. छातीचं मांस ६५-७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, की त्यातली प्रथिनं आकसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. स्लो कुकर शेवटी ९०-९५ अंशांपर्यंत पोचतो. तिथे छातीचे तुकडे आठ तास बसले, तर ते रसात बुडूनही कोरडे राहणार. आजूबाजूला कितीही रस्सा असला तरी पिळून गेलेलं पाणी परत आत शिरत नाही.

मांडीचं मात्र वेगळं. पायाने कोंबडी चालते, म्हणून तिथे कोलॅजन जास्त, चरबीही जास्त. ७० अंशांच्या पुढे तास-दोन तास मिळाले, की हे कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. एकदा झाकणाच्या काचेतून नीट पाहा. पहिल्या तासात मांडीचा तुकडा पांढरट, आखडलेला दिसतो. तिसऱ्या तासाला हाडाच्या टोकाकडचं मांस मागे सरकून नळीचा गोल डोळा उघडा पडतो. चौथ्या-पाचव्या तासाला काटा लावला तर तंतू आपणहून सुटतात, आणि रसाला बोटांना चिकटणारा दाटपणा आलेला असतो. तो दाटपणा जिलेटिनचा. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवला, की सकाळी थरथरणारा गोळा होतो तो यामुळेच. इथे थांबायचं. सातव्या तासाला हाडं रश्श्यात सुटी होतात आणि वाढताना हाडाचे बारीक तुकडे मुलांच्या ताटात जातात.

ज्यांना खरोखरच आठ-नऊ तास घराबाहेर राहावं लागतं, त्यांनी मेक्सिकन किंवा चिनी दुकानात 'स्ट्यूइंग हेन' मागावी. अंडी देऊन झालेली, वर्ष-दीड वर्षाची जून कोंबडी. आपल्याकडच्या गावरानसारखी ती दाताला झुंजवते. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांपेक्षा तिला मंद आच मानवते, आणि रस्सा असा उतरतो, की वर तरंगणाऱ्या पिवळ्या तेलाकडे पाहूनच कोल्हापूरकर ओळख देईल.

आता खमंगपणाचं. कांदा तांबूस होताना, खोबरं भाजताना जो वास सुटतो, त्यामागच्या रासायनिक प्रक्रियेचं वर्णन लुई-कामीय मायलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. ही प्रक्रिया जोरात चालायला १४० अंशांच्या आसपासची कोरडी उष्णता लागते. स्लो कुकरमध्ये झाकणाखाली सगळीकडे पाणी आणि वाफ, म्हणून तापमान शंभराच्या वर जाऊच शकत नाही. तिथे कच्चा कांदा सहा तास ठेवला तरी तो शिजतो, गोडसर होतो, पण भाजल्याचा वास त्याला येत नाही. हळद, धणे-जिऱ्याची पूड यांचंही तसंच. त्यांचे सुगंधी अंश तेलात उतरतात, आणि फोडणीशिवाय टाकलेली पूड पाण्यावर तरंगत कच्चीच लागते.

अमेरिकन पाककृती ही उणीव डब्यातून भरून काढते. एक बाटली साल्सा, एक पाकीट रँच मसाला, एक डबा मशरूमचं घट्ट सूप. खमंगपणा कारखान्यात तयार झालेला असतो, घरी तो नुसता ओतायचा. आपल्याकडे त्यासाठी वाटण आहे. परतलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, लवंग, मिरी यांचं वाटण म्हणजे आधीच उरकून ठेवलेली भाजण्याची प्रक्रिया. ते रविवारी एकदम करून डब्यांतून फ्रीजरमध्ये ठेवता येतं. मराठी स्वयंपाकाचा वेळखाऊ भाग आदल्या दिवशी करण्याजोगाच आहे, आणि स्लो कुकरला नेमकं तेच हवं असतं.

पाण्याचा अंदाज हाही अनेकदा चुकतो. गॅसवर उघड्या पातेल्यात रस्सा आटतो. इथे वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. आपल्या आज्या पातेल्यावर ताटली ठेवून तीत गार पाणी घालत, त्यातलं विज्ञान हेच. वाफ थंड झाकणाखाली निवते, भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. त्यात कोंबडी आणि कांदा-टोमॅटो स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळंच. म्हणून नेहमीच्या रश्श्याला दोन वाट्या पाणी लागत असेल, तर इथे अर्धी वाटी पुरते. आणि झाकण सारखं उघडायचं नाही. मोठं भांडं चालतं साधारण २०० ते ३०० वॅटवर. अमेरिकेतली विजेची किटली १५०० वॅट ओढते. एवढ्याशा आचेवर साठलेली ऊब एकदा निघून गेली, की ती भरून यायला बराच वेळ जातो. 'लो' आणि 'हाय' ही बटणं शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात. फरक पडतो तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळात.

चार-पाच माणसांसाठी माझं प्रमाण असं. कातडी काढलेल्या, हाडासकट मांड्या एक किलो. कातडी ठेवू नये, ती वाफेत रबरी होते. मांड्यांना मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण चोळून रात्री डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायच्या. तीन कांदे उभे चिरून तेलावर चांगले तांबूस करायचे. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस भाजून कांद्याबरोबर वाटायचं. दोन मोठे चमचे तेलात दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालून लगेच वाटण टाकायचं आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. हे झालं रात्रीचं काम. हाही डबा फ्रीजमध्ये, पण वेगळा.

सकाळी बटाट्याच्या मोठ्या फोडी तळाशी पसरायच्या. बटाटा कोंबडीपेक्षा हळू शिजतो आणि उष्णता तळा-कडेने येते, म्हणून त्याची जागा खाली. टोमॅटो घालायचाच असेल तर एकच, तोही सगळ्यांच्या वर. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. मांड्या बटाट्यावर रचायच्या. वाटणात अर्धी वाटी पाणी घालून ते मायक्रोवेव्हमध्ये उकळतं गरम करायचं आणि वरून ओतायचं. पहिला तास 'हाय', मग चार तास 'लो'. पुढे आपोआप 'वॉर्म'वर जाणारं यंत्र असेल तर संध्याकाळपर्यंत काळजी नाही. वाढायच्या आधी कोथिंबीर आणि लिंबू. नारळाचं दूध किंवा दही घालायचं असेल तर तेही शेवटच्या वीस मिनिटांत, नाहीतर फुटतं.

वाटण उकळतं ओतण्यामागे कारण आहे. ४ ते ६० अंश ही जिवाणूंची आवडती पट्टी. मंद आचेवर गार मांस या पट्टीतून फार रेंगाळत वर जातं, म्हणून त्याला सुरुवातीला ढकलावं लागतं. गोठलेली कोंबडी थेट टाकू नये ती याचसाठी, आणि फ्रीजमधलं मातीचं भांडं तसंच तापवायला ठेवू नये. शिवाय ते तडकतं. अमेरिकेचं कृषी खातं कोंबडीसाठी आतलं तापमान ७४ अंश सांगतं. दहा-पंधरा डॉलरची तापमापक सुई घ्या आणि हाडाला न टेकवता मांसात खुपसून पाहा. अर्धं ते दोन-तृतीयांश भरलेलं भांडं नीट तापतं. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी यात गरम करू नका, गॅसवर उकळा.

एक इशारा कोंबडीशी संबंधित नाही, पण द्यायलाच हवा. कच्चा लाल राजमा स्लो कुकरमध्ये कधीही शिजवू नये. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि कमी आचेवर ते नष्ट होत नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळावा आणि मगच भांड्यात घालावा. ज्या यंत्राचं नाव 'बीनरी' होतं, त्याच्यासोबत ही सूचना ठळक अक्षरांत असायला हवी, असं मला वाटतं.

भारतात हे यंत्र रुजलं नाही, याचं नवल नाही. आपल्याकडे प्रेशर कुकर आला. तो १२० अंशांच्या आसपास वाफ कोंडून डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजवतो, मग आठ तासांचं यंत्र घेणार कोण? पण मंद शिजवणं आपल्याला परकं नव्हतं. कोलकात्यात इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' काढला. उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे आणि तळाशी कोळशाची शेगडी. एकट्या माणसाने डाळ-भात-मांस लावून कामाला जावं, परतावं तो जेवण तयार. त्याही आधीपासून आपल्या चुलीला वैल आहे. पुढे भाकरी भाजली जाते आणि मागच्या भोकातून आलेल्या धगीवर, वैलावर कालवण रटरटत राहतं. त्यासाठी वेगळं सरपण नको, कुणी जवळ बसायलाही नको. शिवाय बाई त्याच वेळी पुढे भाजणं-परतणं करत असते. पुढे मोठी आच आणि मागे मंद, अशी कामाची वाटणी चुलीतच बांधलेली आहे. स्लो कुकर म्हणजे नुसता वैल. पुढची चूल आपल्याला आदल्या रात्री पेटवावी लागते.

म्हणूनच 'सोपं जेवण' या शब्दांचा हिशेब मी जरा कडक मांडते. कष्ट कमी होत नाहीत, त्यांची वेळ बदलते. संध्याकाळी साडेसहाला, मुलं भुकेजलेली आणि आपण दमलेलो असताना जे कांदा परतणं जड वाटतं, तेच रविवारी दुपारी गाणी ऐकत होऊन जातं. शिवाय संध्याकाळचा स्वयंपाक ज्याला जमतो त्यालाच करावा लागतो, रविवारचं वाटण मात्र घरातल्या कुणाच्याही गळ्यात घालता येतं. खोबरं किसायला आणि कांदे चिरायला पाककौशल्य लागत नाही. ज्या घरात यंत्र आलं पण वाटण एकट्या बाईकडेच राहिलं, तिथे सोय झाली ती फक्त जेवणाऱ्यांची.

भांडं नवीन घेणार असाल तर सहा क्वार्टचं, लंबगोल आणि आपोआप 'वॉर्म' होणारं घ्या. फोनवरून चालणाऱ्या यंत्राला जास्तीचे पैसे मोजू नका. आणि संध्याकाळी घरात शिरताच झाकण उघडायच्या आधी तवा तापत ठेवा. रस्सा तुमच्यासाठी थांबतो, भाकरी थांबत नाही.