पाठ नसलेली प्रार्थना

आमच्याकडे प्रार्थना मोठ्याने करायची रीत आहे. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी चटई अंथरायची, ‘उपासना संगीता’तलं एखादं गीत गायचं, शास्त्रातला भाग वाचायचा आणि मग घरातल्या वडीलधाऱ्याने डोळे मिटून देवाशी बोलायचं. देवाशी म्हणजे निम्मं आमच्याशीच. “प्रभो, या घरातल्या काही जणांना पहाटे उठायची सुबुद्धी दे,” म्हटलं की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागे. ओळखीतल्या एक आजी तर आठवड्याभराच्या सगळ्या बातम्या देवाच्या कानावर घालत. कुणाकडे पाळणा हलला, कुणाची बदली झाली, पाळकसाहेबांचा गुडघा अजून दुखतोच आहे. शेवटी सुनेच्या हातच्या मिठाबद्दल एक नम्र विनंती, आणि आमेन. मला ही प्रार्थना मनापासून आवडते. तिच्यात लबाडी नाही असं नाही, पण देव समोर बसून ऐकतो आहे हे तिने धरलेलं असतं.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या प्रार्थनेशी. “हे दयाळू, कृपाळू, स्वर्गीय पित्या” इथून सुटलेली ही गाडी मधलं एकही स्टेशन न घेता थेट आमेनला पोचते. भाषा शुद्ध, ओघ उत्तम. फक्त बोलणाऱ्याचा त्यात पत्ता नसतो. जन्माने ख्रिस्ती असलेल्यांची ही जुनी अडचण. बाप्तिस्मा कळायच्या आधी झालेला, संडे स्कूलची वचनं पाठ, नाताळ आणि गुड फ्रायडे रक्तात. देवाशी आपली ओळख करून द्यावी असं कुणाला सुचतच नाही. ती झालेलीच आहे असं सगळे समजतात.

म्हणून पंडिता रमाबाईंकडे मी पुन्हा पुन्हा जातो. 1858 साली जन्मलेल्या या बाईंना पाठांतराची वाण नव्हती. आईने संस्कृत शिकवलं, तीर्थोतीर्थी पुराणं सांगत कुटुंब हिंडलं, आणि दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेले. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडच्या चरित्रपुस्तिका इथे समाधानाने पान उलटतात. रमाबाईंचा स्वतःचा हिशेब मात्र निराळा होता. 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्या सरळ सांगतात की ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला, तो चांगलाही वाटला, पण ख्रिस्त भेटायचा राहूनच गेला. त्याला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षं लागली.

त्या वर्षांत त्या रिकाम्या बसल्या होत्या असं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनबरोबर त्यांचा पत्रांतून वाद चालला होता. त्रैक्याचा अर्थ काय, चर्चचा अधिकार कुठवर मानायचा, असे प्रश्न त्या विचारत राहिल्या. पुरोहितांच्या एका जोखडातून नुकती सुटलेली मान दुसऱ्या जोखडात घालणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दशेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1887 साली निघालं, 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडलं. म्हणजे देवाच्या कामात बाई गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या, आणि तरी ओळख बाकी होती. आमच्या मंडळीत चार कमिट्यांवर असलेल्या माणसाने हे वाक्य जरा थांबून वाचावं.

त्यांना हलवून गेलेल्या पुस्तकांपैकी एक विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं होतं. या गृहस्थाची गोष्ट मजेदार आहे. बरीच वर्षं पाळकी करून झाल्यावर, स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश देता देता, याला आपण सांगतो आहोत ते पहिल्यांदा खरं वाटलं. बहुतेक उपदेशकांवर हा प्रसंग कधीच येत नाही, आणि ऐकणाऱ्यांना ते समजतं.

वाँटेजच्या त्या वादाला काहीजण रमाबाईंचा हट्टीपणा म्हणतात. मला तो त्यांच्या वाटेचाच भाग वाटतो. ज्या बाईने उपकारकर्त्यांसमोर मनात नसलेलं ‘हो’ म्हटलं नाही, ती देवासमोर तरी का म्हणेल? आपण मात्र पाळकांना पटावं असं बोलायला शिकतो आणि तीच सवय घेऊन गुडघे टेकतो.

पुढचं बरंच सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, केडगावचं मुक्ती मिशन, शेकडो पोटांची रोजची काळजी. 1905 साली तिथे मोठं आत्मिक जागरण झालं. मुलींनी रडत, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना केल्या आणि त्याच्या वार्ता देशोदेशी गेल्या. माझा पिंड त्या कल्लोळाचा नाही. मला जास्त विश्वास वाटतो तो नंतरच्या शांत वर्षांबद्दल. त्या काळात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक कोश जवळ घेऊन, खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवत बसल्या होत्या. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा ते पुरं झालं होतं. इतकी वर्षं एखाद्याच्या शब्दांशेजारी रोज बसणं, आवडो न आवडो, मन लागो न लागो, हे मला कुठल्याही दृष्टान्तापेक्षा मोठं वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, आणि 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधली वर्षं वियोगाची, रडण्याची आणि सोवळं सांभाळण्याची. नवऱ्याने देव निवडला म्हणून तो आपला झाला, असं त्यांनी धरलं नाही. जातीपातीचं कोडं स्वतःच्या डोक्याने सोडवलं, तेव्हाच पाऊल उचललं. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेतले हे भाग हसत वाचावे असे आहेत, पण त्यांतली बाई उसन्या श्रद्धेवर एक दिवसही चालत नाही.

उसनवारी ही गोष्ट देवाला फारशी मानवत नसावी. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी निव्वळ गाऱ्हाणी. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी हे पुस्तक जपलं त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं. आपण मात्र हॉस्पिटलच्या बाकावर बसूनही आधी आभार मानायचे की आधी विनंती करायची, याचा क्रम शोधत बसतो.

मग प्रार्थना कशी करावी, असं तरुण मुलं विचारतात. माझ्याजवळ पद्धत नाही, जमलेलं थोडं सांगतो. पहाट मला जमत नाही. कामावरून आल्यावर, चहाच्या आधी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. एखादा छोटा भाग वाचतो. मग त्या दिवशी मनात जे वर असेल तेच बोलतो. बहुधा ते उदात्त नसतं. कुणाचा तरी राग असतो, पैशाची चिंता असते, कधी नुसता कंटाळा. एकदा तर “आज तुझ्याशी बोलायची इच्छा नाही,” एवढंच बोलून उठलो, आणि ती माझ्या बऱ्या प्रार्थनांपैकी एक होती असं अजून वाटतं. उत्तर येतं का? बहुतेक वेळा नाही. पण रोज ज्याच्याशी बोलतो त्याच्यासमोर खोटं बोलणं हळूहळू कठीण होत जातं, आणि मग इतरांसमोरही थोडं जड जाऊ लागतं. याहून मोठा अनुभव माझ्या गाठीशी नाही.

मंडळीतली सामुदायिक उपासना यामुळे निरुपयोगी ठरते असं कुणी समजू नये. कोरड्या दिवसांत दुसऱ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ‘उपासना संगीत’ गाता येतं, ही मोठी सोय आहे. फक्त तेवढ्यावर भागवू नये.

रमाबाईंची 1907 सालची साक्ष ही छोटी पुस्तिका आहे. आपल्या घरांत त्यांचा फोटो असतो, ती मात्र क्वचितच दिसते. येत्या नाताळच्या आधी ती मिळवा आणि वाचा, विशेषतः तुमची प्रार्थना सगळ्यांना फार सुंदर वाटत असेल तर.