वडप्याची लोखंडी खोली

नाशिकला जाताना ठाण्याच्या माजिवड्यापासून साधारण 24 किलोमीटरवर वडपे लागतं. गोदामं नि ट्रकांची गर्दी पाहून आपण गाडीची काच वर करतो. पण इथे एकदा थांबाच! बोटीवरून आलेल्या जुन्या कंटेनरना या भागात दारं-खिडक्या कापतात. कुणाचं ऑफिस होतं, कुणाचं शेतघर.

वीस फुटी कंटेनर म्हणजे आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच अशी खोलीच. पत्रा मात्र जेमतेम 2 मिलिमीटर! त्याला बळ येतं ते उभ्या घड्यांमुळे. वरचा भार पेलतात चार कोपऱ्यांचे खांब. म्हणून खांबांना आणि वरच्या-खालच्या आडव्या तुळयांना हात लावायचा नाही. कापलं की पत्रा लचकतो. काज कापल्यावर आपण कडेने टाके घालतो ना, तस्संच! भोकाला चौफेर चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करायची, उघड्या कडांना जस्ताचा प्रायमर लावायचा, नाहीतर पहिल्याच पावसात गंज. हौशी नवरे म्हणतात, ‘अख्खी बाजूच काचेची करू.’ त्यांना आवरा बाई!

तळाच्या प्लायवूडला बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या धातूच्या पट्टीवर तशी नोंद असते. ती वाचल्याशिवाय रांगतं बाळ त्यावर सोडू नका. उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो. खिडक्या समोरासमोर मागा, म्हणजे वारा खेळेल. आणि कापण्याआधी खडूने आखून घ्या. ओट्याशी उभं राहून बाहेरचं दिसेल का, ते स्वतःच्याच उंचीने बघा.